न्हाणीघरातली चार भोकं

अनिरुद्धरावांच्या शेडमध्ये मोटार नव्हती. होती तेव्हाही ती धावण्यापेक्षा उभी राहण्यातच तरबेज होती. रिटायर झाल्यावर त्यांनी ती ओरत्तनाडूच्या एका डॉक्टरांना विकली आणि शेडमध्ये एक लांब टेबल टाकलं, त्याला लाकूड धरायचा लोखंडी शिकंजा बसवला, भिंतीवर करवती, पटाशा, रंधे टांगले. चौतीस वर्षं बांधकाम खात्यात त्यांनी पुलांची एस्टिमेटं केली होती. आता स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं होतं. चार वर्षांत एक पाट, दोन स्टुलं आणि पोपटाचा एक पिंजरा झाला. पोपट आणला नाही. अंबुजावहिनी म्हणाल्या, "ह्या घरात बोलणारे पुरेत."

त्या बोलणाऱ्यांत मीही धरलेला होतो. मी शेषाद्री, शेजारच्या घरातला. इथं तमिळ मुलखात, जुन्या मराठी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत दोन घरांमध्ये एकच भिंत असते. नोकरीभर मी ऑडिटमध्ये होतो. दुसऱ्याच्या कागदात चूक काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. पगार थांबला, सवय राहिली. रोज सकाळी दहाला मी त्या शेडमध्ये स्टुलावर जाऊन बसे. अनिरुद्धराव रंधा मारीत आणि मी त्यांच्या चुका काढी. आमची मैत्री म्हणजे एवढंच.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्या शेडमध्ये एकाच महिन्यात दोन ड्रिलं आली. वायर नसलेली, बॅटरीवर चालणारी. बाजार उघडून सात वर्षं झाली होती, पण आमच्या गल्लीला असलं काही ठाऊक नव्हतं. भोक पाडायचं तर सुतार लाकडी गिरमिट घेऊन यायचा आणि त्याच्यासाठी कॉफी करायला लागायची.

पहिलं ड्रिल मुलाचं. सुरेंद्र अमेरिकेत टेक्सासला. त्यानं मित्राच्या सामानातून पाठवलं. जाड प्लास्टिकची पेटी, आत मखमलीत ठेवल्यासारखं बारा व्होल्टचं ड्रिल, दोन बॅटऱ्या, तासाभरात भरणारा चार्जर. किंमत दीडशे डॉलर. चार्जर मात्र तिथल्या विजेचा, एकशे दहा व्होल्टचा. म्हणून तिरुच्चीहून वीज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर आणला, तो विटेएवढा जड.

दुसरं जावयाचं. वैद्यनाथ पापनाशमला भातखरेदीच्या ऑफिसात कारकून. ऑफिसच्या कामाला मद्रासला गेला होता, तिथं बर्मा बाजारात घासाघीस करून चौदाशे रुपयांना आणलं. सात व्होल्टचं, एकच बॅटरी, पुठ्ठ्याचा खोका, वर चिनी अक्षरं. बॅटरी भरायला रात्रभर लागायची.

आणि ही दोन ड्रिलं कशासाठी आली, तर अंबुजावहिनींच्या न्हाणीघरासाठी.

मागच्या पोंगलनंतर वहिनींना हलका झटका येऊन गेला होता. तोंड नीट झालं, हात नीट झाला, डावा पाय मात्र ओढायच्या. न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे, आत उतरायला एक पायरी, खाली गुळगुळीत कडप्पा. अखिलाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, पापनाशमहून येऊन आईला अंघोळ घालावी लागे, ती नसली की अनिरुद्धराव दाराबाहेर पाठ करून उभे राहत आणि वहिनी आतून ओरडत, "तुम्ही तिकडं जा हो, मला लाज वाटते!" त्यांना भिंतीला एक दांडी हवी होती. धरायला. एवढंच. म्हणजे कुणाला हाक न मारता आपलं आपण जाऊन येता येईल. वैद्यनाथनं स्टीलची दांडी लेथवाल्याकडून कापून, दोन्ही टोकांना चकत्या लावून आणूनही दिली होती. प्रत्येक चकतीला दोन भोकं. भिंतीत चार भोकं पाडायची, स्क्रू पिळायचे, संपलं.

अनिरुद्धरावांचा उजवा खांदा आखडलेला. टेबलावर वाकून ड्रिल चालवता येई, पण भिंतीपुढं हात उचलून धरायचा तर दोन मिनिटांत चेहरा पांढरा पडे. मग गवंडी का बोलावला नाही? मी विचारलं होतं. "घरात दोन-दोन ड्रिल असताना माणूस बोलावू? लोक काय म्हणतील?" लोक म्हणजे मीच. मी दुसऱ्या कुणाला तिथं येताना पाहिलं नाही.

दांडी न्हाणीच्या दारामागं उभी राहिली आणि शेडमध्ये परीक्षा सुरू झाली.

परीक्षेला वही होती. वर इंग्रजीत तारीख, खाली दोन रकाने, 'सुरेंद्र' आणि 'वैद्यनाथ'. लक्षात घ्या, 'बारा व्होल्ट' आणि 'सात व्होल्ट' असं नाही. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि मनात हसलो. एकदा भरलेल्या बॅटरीत सागाच्या फळीला किती भोकं पडतात, हे मोजायचं होतं. सुरेंद्र एक्केचाळीस. वैद्यनाथ चौदा, आणि चौदाव्याला जळकट वास. स्क्रू पुरता बसला की मुलाचं ड्रिल टर्रर्र करून आपणच थांबायचं, स्क्रूचं डोकं शाबूत. जावयाच्याला ती अक्कल नव्हती. ते फिरतच राहायचं आणि डोक्याची खाच झिजून गुळगुळीत व्हायची. मुलाच्याचं तोंड बिटाला, म्हणजे पुढच्या टोकदार सळईला, घट्ट धरायचं, जावयाच्याचं थोडं लडबडायचं.

हे सगळं खरं होतं. फक्त मुलाच्या ड्रिलला नवं बिट होतं आणि जावयाच्याला बोथट.

"राव," मी म्हटलं, "बिट बदलून पाहा की."

"कशास? निकाल दिसतो आहे ना."

"निकाल मला तुमच्या तोंडावर दिसतोय, फळीवर नाही. शिवाय पाचपट किमतीत तिप्पट भोकं. माझ्या ऑफिसात अशी खरेदी आली असती तर मी लाल शाई उघडली असती."

"तू आयुष्यभर लाल शाईच उघडलीस, शेषा. एक खिळा मारला नाहीस."

आतून वहिनी कॉफीचे पेले-डबरे घेऊन आल्या. पाय ओढत, पण कॉफी सांडली नाही. त्यांनी वही पाहिली. "एक्केचाळीस का?" म्हणाल्या. "मला चार पाहिजेत."

अनिरुद्धराव हसले. मीही हसलो. वाक्य चांगलंच होतं.

खरी अडचण वहीत नव्हती. सुरेंद्र डिसेंबरात येणार होता. फोनवर म्हणाला होता, "अप्पा, मी आलो की दांडी मीच लावतो. तुम्ही खांद्याला त्रास देऊ नका." मुलगा सहा वर्षांत दोनदा आला होता, आणि आला की पाहुण्यासारखा सोफ्यावर बसे. त्यानं घरात काहीतरी करायचं म्हटलं होतं. बापानं ते वाक्य उचलून देवघरात ठेवलं म्हणा ना. पोराच्या ड्रिलनं, पोराच्या हातानं भिंतीला पहिलं भोक पडेल, ह्याची ते वाट पाहत होते; तोवर ते ड्रिल फळीवर चालायचं, भिंतीला लावायचं नाही.

जावई दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येत होता. त्याला सांगितलं असतं तर त्यानं कॉफी पिण्याआधी काम उरकलं असतं. पण जावयाला काम सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तमिळ मुलखात तीनशे वर्षं राहून आम्ही त्याला 'माप्पिळ्ळै' म्हणायला शिकलो, सांबार प्यायला शिकलो, पण जावयाला न्हाणीत भोकं पाडायला लावणं, ते नाही. सासू त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. दांडी त्यानं आणून दिली, तेव्हाच अनिरुद्धराव कानकोंडे झाले होते आणि त्याला नवं धोतर देऊन मोकळे झाले.

ऑगस्टात एकदा वहिनी भिंतीपाशी आल्या. मी माझ्या अंगणात कपडे वाळत घालत होतो.

"भावोजी, एक काम आहे."

"सांगा वहिनी."

"मी वैद्यनाथांना सांगू शकत नाही. ह्यांना सांगून पाहिलं, हे डिसेंबर म्हणतात. तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत असं वाटलं पाहिजे, मी नाही. काल मी पायरीवर बसून खाली उतरले, लहान मूल उतरतं तशी. पुन्हा चढताना अर्धा तास गेला." मग हळूच म्हणाल्या, "रडलेसुद्धा. हे अखिलाला सांगू नका."

"एवढंच ना? झालंच म्हणून समजा," मी म्हटलं.

साधं सांगणं मला जमत नाही. रविवारी शेडमध्ये तिघं होतो, अनिरुद्धराव, वैद्यनाथ आणि मी. दारात वहिनी. मला वाटलं, थट्टेतून सांगितलं तर कुणाला लागणार नाही. म्हटलं, "राव, वाद कशाला? चांगलं ड्रिल न्हाणीघरात कशाला नासवता? ते डिसेंबरला हॉलमध्ये मिरवू. न्हाणीघराला जावयाचं पुरे!"

वैद्यनाथ आधी हसला. मग त्यानं खाली पाहिलं आणि टेबलावरचा भुसा बोटानं एका रेषेत ओढायला लागला.

अनिरुद्धरावांनी रंधा ठेवला. "म्हणजे माझ्या जावयाची किंमत न्हाणीघराएवढी, असं म्हणतोस तू?"

"अहो, मी ड्रिलचं बोलतो आहे."

"मी सगळं समजतो तू कशाचं बोलतोस ते. ह्या घरात माप्पिळ्ळै येतात ते पाटावर बसायला. न्हाणीत गुडघे टेकायला नाही. दांडी सुरेंद्र लावेल. पोदुम, पुरे!"

"मामा, मला काही नाही त्यात..." वैद्यनाथ सासऱ्यांना म्हणाला.

"तुम्हाला नसेल. मला आहे."

वहिनी दारातून आत गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पोराला दुकानात पाठवावं आणि त्यानं भलतंच घेऊन यावं, तसं.

त्यानंतर वैद्यनाथला ते काम स्वतःहून करणंही अवघड झालं. मी दार उघडायला गेलो आणि कडी घालून आलो. पण मला तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही. डिसेंबर काही लांब नाही, असं मी स्वतःशी म्हटलं आणि महिने मोजले. चार.

सप्टेंबर संपता संपता सरस्वतीपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं आणि हत्यारं देवीपुढं मांडतात. सुतार करवती मांडतो, शिंपी मशीन पुजतो, बसच्या स्टिअरिंगला हार असतो. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, पुस्तक वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा करायची आणि मगच हात लावायचा. अनिरुद्धरावांनी पाटावर सगळं रचलं. मधोमध मुलाचं ड्रिल, पेटी उघडी, चंदनाचा टिळा, कुंकू, जाईचा गजरा. जावयाचं ड्रिल पाटाच्या कडेला, पटाशांच्या पलीकडे, पण टिळा त्यालाही. एवढा न्याय केला.

अखिला आणि वैद्यनाथ दोन दिवस राहायला आले होते. दुपारी वडे, पायसम, आणि नंतर घर गाढ झोपलं. पुढचं मला वैद्यनाथनं नंतर सांगितलं, इस्पितळाच्या पायऱ्यांवर.

तो झोपला नव्हता. वहिनी स्वयंपाकघरात एकट्या होत्या, तिथं गेला. म्हणाला, "मामी, मामा झोपलेत. वीस मिनिटांचं काम आहे. उठल्यावर रागावतील, रागावू देत. मी माझं ड्रिल घेऊ?"

सासूनं जावयाकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही पायरीवर बसून उतरता ते मी पाहिलं."

त्यांनी पाटाकडे पाहिलं. ड्रिलवरचा टिळा अजून ओला होता.

"आज नको. वर्षभर राबतात बिचारी, आजचा एक दिवस त्यांचा. उद्या सकाळी पूजा झाली की पहिलं काम माझंच करा. ह्यांना मी सांगते. आता मीच सांगते."

आणि मग, वैद्यनाथ म्हणाला, त्या हसल्या. त्याला वाटीभर जास्तीचं पायसम दिलं. "उद्या जावयाकडून काम करून घेणार, आज खाऊ तर घालते," म्हणाल्या.

विजयादशमीच्या पूजेआधी अंघोळ लागते. त्या पहाटे पाचलाच उठल्या. अखिलाला उठवलं नाही. सणाचा दिवस, मुलगी माहेरी आलेली, झोपू दे, असं वाटलं असेल. मला भिंतीपलीकडे आवाज ऐकू आला. ओरडण्याचा नव्हे. तांब्याचा. कडप्प्यावर गडगडत गेला आणि बराच वेळ हलत राहिला.

मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. इस्पितळात नेलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले छान झालं. सुरेंद्र त्याच संध्याकाळी पोहोचला, डोळे लाल, दाढी वाढलेली, विमानतळावरून टॅक्सी करून थेट. वहिनींना शुद्ध होती. त्याला पाहून म्हणाल्या, "ह्या वर्षी डिसेंबर लवकर आला रे."

त्यानं आईच्या पायाशी डोकं टेकलं. वाईट पोरगा नव्हता तो. हे मी लिहून ठेवतो, कारण नंतर गल्लीत लोक त्याच्याबद्दल बोलले. त्यानं एक ड्रिल पाठवलं होतं आणि एक वाक्य बोलला होता. दोन्ही चांगल्या मनानं. बाकीचं आम्ही इथं केलं.

नवव्या दिवशी छातीत कफ भरला. अकराव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या.

अनिरुद्धराव रडले नाहीत. त्यांनी फक्त अखिलाला विचारलं, "तुला हाक का मारली नाही तिनं?" अखिला म्हणाली, "अप्पा, अम्माला हाक मारायची नव्हती म्हणूनच तर दांडी पाहिजे होती." तिनं हे मोठ्यानं म्हटलं नाही. मोठ्यानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर तेराव्यापर्यंत ती वडिलांशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलली.

तेरावं झाल्यावर चौदाव्या दिवशी सकाळी मी गेलो, तर न्हाणीच्या दारात सुरेंद्र आणि वैद्यनाथ उभे होते. दुसऱ्या दिवशी सुरेंद्रचं विमान. त्याच्या हातात त्याचं ड्रिल. "अप्पांसाठी लावून जातो," तो मला म्हणाला. "त्यांचाही तोल जातो हल्ली." मग वैद्यनाथकडे वळून म्हणाला, "भाऊजी, तुमचं आणा ना. तुम्हीच पाडा."

"तुझंच चालव," वैद्यनाथ म्हणाला. "कुठलंही चालेल."

आम्ही आत उतरलो तसे अनिरुद्धरावही मागोमाग उतरून उभे राहिले. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. सुरेंद्रनं पेन्सिलनं खुणा केल्या, वैद्यनाथनं दांडी धरली. जुनी भिंत, चुन्याची, आतली वीट मऊ. बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं. लाल भुकटी ओघळून कडप्प्यावर पडत होती. पहिलं भोक, दुसरं, तिसरं, चौथं. स्क्रू बसले. प्रत्येक वेळी ते टर्रर्र वाजलं आणि थांबलं. वैद्यनाथनं दांडीला दोन्ही हातांनी लटकून पाहिलं. हलली नाही.

"झालं?" अनिरुद्धरावांनी विचारलं.

"झालं अप्पा."

ते दांडीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. "शेषा, किती वेळ लागला रे?"

मला ठाऊक होतं. असल्या गोष्टी मला न पाहताही ठाऊक असतात. अकरा मिनिटं लागली होती, त्यातली तीन खुणा करण्यात.

"पाऊण तास तरी लागला असेल, राव," मी म्हटलं. "भिंत फार कठीण निघाली."

दोन्ही पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," अनिरुद्धराव म्हणाले. "जुनी भिंत आहे. कठीणच असणार." त्यांचा आवाज एस्टिमेटवर सही करताना असायचा तसा होता. त्यांनीच ते घर दुरुस्त करून घेतलं होतं. ती वीट किती मऊ आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अखिला बादली घेऊन आली. भुकटीवर पाणी ओतलं, खराट्यानं लोटलं. लाल पाणी मोरीकडे गेलं.

"बाजूला व्हा अप्पा," ती म्हणाली, चौदा दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून. "ओलं आहे. घसराल."

त्यांना पायरी चढून वर यायचं होतं. दांडी हाताशी होती. त्यांनी तिच्याकडे हात नेला आणि मागं घेतला. मग चाचपडत माझा खांदा धरला, आणि आम्ही दोघं वर आलो.